चाकाची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. विहिरीवरच्या इंजिनाचा इतिहास कोणी सांगू लागला, तर ऐकणारा सहज म्हणेल, "अहो, ही मिस्त्रीची विद्या! इतिहासाच्या मास्तरांचं इथं काय काम?" शंका रास्त आहे. पण वाचकहो, आपल्या बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात गेल्या शे-सव्वाशे वर्षांत माणसाचे जिणे कशाने पालटले, याचा हिशेब मांडू लागलो तर तलवारीच्या आधी पाणी उपसणाऱ्या यंत्राचे नाव घ्यावे लागते. आणि ज्या यंत्राने जिणे पालटले, ते यंत्र बिघडले म्हणजे काय होत असे आणि ते कसे दुरुस्त करीत, हाही इतिहासाचाच भाग आहे. म्हणून आज एका चाकाची आणि त्या चाकाच्या एका बिघाडाची गोष्ट सांगणार आहे.

प्रथम बिघाड कोणता ते पाहू. इंजिन नीट चालत असले म्हणजे त्याचे ठोके नाडीसारखे सारख्या अंतराने पडतात. मधेच एखादा ठोका गळतो, पुन्हा दोन-चार बरे पडतात, पुन्हा एक गळतो. पाण्याची धार तुटक होते, धुराचा रंग पालटतो, इंजिन थरथरते. आपल्याकडचा शेतकरी मिस्त्रीला सांगतो, "मिस्त्री, इंजन मिसिंग मारायलंय बघा." सिलिंडरात ज्या वेळी जाळ पेटायला हवा त्या वेळी तो पेटत नाही, किंवा भलत्या वेळी पेटतो, एवढाच त्या 'मिसिंग'चा अर्थ.

मिस्त्री काय करतो? डिझेलात पाणी आहे का पाहतो, नळीत हवा अडकली आहे का पाहतो, नोझल साफ करतो; पेट्रोलचे इंजिन असले तर प्लग बदलतो, कार्बुरेटर धुतो. दहांतल्या नऊ वेळा दोष तिथेच असतो. दहाव्या वेळी मात्र हे सगळे बदलूनही ठोका गळतच राहतो. खर्च झालेला असतो, दिवस गेलेला असतो, आणि विहिरीत पाणी असूनही वाफ्यात पोहोचत नसते. अशा वेळी गुन्हेगार पुष्कळदा तो निघतो ज्याच्याकडे कोणी बोट दाखवलेले नसते: इंजिनाच्या अंगावरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील.

आता प्रश्न असा, की ज्या ओतीव लोखंडाच्या चाकात ना तेल जाते, ना ठिणगी पडते, ना जाळ होतो, त्याच्यामुळे जाळ चुकावा कसा? या प्रश्नाचे उत्तर यंत्र उघडून पूर्ण मिळत नाही. ते चाकाच्या इतिहासात आहे. या चाकाकडे प्रथम एकच काम होते. पुढे एकेक करून त्याच्यावर आणखी कामे लादली गेली. जसजशी कामे वाढली, तसतशा त्याच्या बिघडण्याच्या तऱ्हाही वाढल्या.

चाकाचे मूळ काम तुम्हां-आम्हांला परके नाही. आपल्या घरातले जाते पाहा. दळणारीण खुंटा ओढते तेव्हा बळ लागते, हात पुढून मागे फिरतो त्या क्षणी बळ कमी पडते. तरी वरची तळी अडत नाही. का? तर ती जड आहे, आणि मिळालेली गती ती पुढच्या ओढीपर्यंत सांभाळून ठेवते. कुंभार दांडीने चाक गरगर फिरवून देतो आणि मग दोन्ही हातांनी निवांत मडके घडवतो. चाक तेवढा वेळ त्याच्यासाठी बळ राखून ठेवते. यात दोन नियम आहेत. वजन जितके कडेला, तितका साठा अधिक. आणि गती दुप्पट केली तर साठा चौपट होतो. फ्लायव्हीलची कड जाडजूड आणि मधले आरे सडपातळ असतात, ते याचसाठी.

विहिरीच्या मोटेला अशी सोय नव्हती. बैल धावेवरून उताराला जात तेव्हा नाडा ताणला जाई, मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. बैल मागे परतत तेव्हा काम थांबे. एक ओढ कामाची, एक परतीची. म्हणून मोटेचे पाणी पाटाला लाटेलाटेने येई. आपल्याच बीड शहराच्या दक्षिणेला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या निजामशाहीतील सरदार सलाबतखान याने जी खजाना विहीर बांधविली, आणि जिच्या रचनेचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराला दिले जाते, तिथे हा प्रश्नच ठेवला नव्हता. जमिनीखालच्या कालव्यातून पाणी उताराने आपोआप खाली जाई. पण असा उतार प्रत्येक रानाला कुठून मिळणार? उरलेल्या विहिरींना बैल आणि पुढे इंजिन, एवढेच दोन मार्ग राहिले.

इंजिन आले ते युरोपातून, आणि त्याच्यापाशी मोटेचाच दोष होता. वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढे-मागे सरकतो. त्या सरकण्याचे फिरणे कसे करावे? १७८० मध्ये इंग्लंडात जेम्स पिकार्ड याने यासाठी क्रँकचे पेटंट घेतले, तेव्हा जेम्स वॉट याने ते टाळून १७८१ मध्ये 'सूर्य-ग्रह' दातेचक्रांची निराळी युक्ती काढली. दोघांची युक्ती वेगळी, पण जड चाकावाचून दोघांचेही भागत नव्हते. कारण दट्ट्या टोकाला पोहोचला म्हणजे क्षणभर तो ढकलतही नाही आणि ओढतही नाही. तो मृत क्षण चाकाने पार करून द्यायचा.

पुढे १८७६ मध्ये जर्मनीत निकोलस ऑटो याने चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्यात तर चाकावरचा भार फारच वाढला. दट्ट्याच्या चार धावांपैकी एकच कामाची: एकीत हवा आत, दुसरीत ती दाबायची, तिसरीत जाळ, चौथीत धूर बाहेर. म्हणजे घरात चार माणसे आणि कमावता एक. बाकीच्या तिघांना चाक पोसते. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलचे इंजिन आउग्सबुर्ग येथे परीक्षेस उतरले. त्यात ठिणगीही गेली, दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. पण हवा तेवढी दाबायची तर चाक आणखीच जड हवे.

हे इंजिन आपल्या मराठी मुलखात परदेशी मालाबरोबर आले आणि लौकरच इथे घडू लागले. धनजीशा कूपर यांनी साताऱ्याजवळ सातारा रोड येथे १९२२ मध्ये कारखाना काढला. तिथे आधी नांगर होत, आणि १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिन तयार होऊ लागले. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री, त्या वेळच्या भाषेत पंतप्रधान, होते. इकडे लोखंडी नांगर ज्यांनी घडवले त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली.

बीडच्या शेतकऱ्याला मात्र पुणे-सातारा त्या काळी नकाशावर दिसते त्याहून लांब होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नाणे वेगळे, जकात वेगळी, दरबारी भाषा वेगळी. परळीकडचा भाग सोडला तर रेल्वेही दूर. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मग १९७२ चा दुष्काळ आला. जुन्या विहिरी खोल गेल्या, पाण्याने तळ गाठला, आणि बैलाच्या बळाने त्या खोलीचे पाणी वर येईना. इंजिनाचे मोल काय, हे तेव्हा घरोघर समजले. इंजिन एक दिवस बंद म्हणजे भाजीपाल्याचा वाफा एक दिवस कोरडा, आणि वैशाखातला एक दिवस कोरडा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या काळच्या संथ इंजिनांचा एक नमुना म्हणून लिस्टर जातीचे इंजिन घेऊ. इंग्लंडातल्या डर्सली गावच्या कारखान्याचे हे इंजिन. पुढे राजकोटला त्याच्या धर्तीची इंजिने पुष्कळ झाली. दोन अंगांना दोन मोठी चाके, व्यास सुमारे दोन फूट, आणि मिनिटाला ६५० फेरे. म्हणजे जाळाचे ठोके मिनिटाला ३२५. चाक दंडावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, बसवलेले असते ते पाचरीसारख्या एका चावीने. दंडात एक खाच, चाकाच्या तुंब्यात एक खाच, आणि दोहोंच्या मधे ठोकून बसवलेली ही पोलादी चावी.

चाकाला दुसरे काम लागले ते इथे. कारखानदारांनी चाकाच्या कडेवर खुणा कोरल्या. दट्ट्या अगदी वर आला म्हणजे अमुक खूण निशाणासमोर, तेल फवारण्याची वेळ झाली म्हणजे तमुक खूण निशाणासमोर. सोय मोठी झाली. इंजिन न उघडता आतला दट्ट्या कुठे आहे हे बाहेरून कळू लागले. चाक आतापर्यंत बळाचे कोठार होते, आता ते साक्षीदारही झाले. आणि साक्षीदार म्हटला की तो खोटेही बोलू शकतो!

कसे ते पाहा. वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी चावी झिजते, खाच रुंदावते. समजा दंडाच्या पृष्ठभागावर एक मिलिमीटरचा ढिलेपणा आला. दोन इंच जाडीच्या दंडावरचा एक मिलिमीटर चाकाच्या कडेवर बारा मिलिमीटर होतो, जवळजवळ अर्धा इंच. दोन फुटी चाकावर एक अंश म्हणजे साधारण पाच मिलिमीटर. म्हणजे चाकाची साक्ष दोन-सव्वादोन अंशांनी चुकली. चावी पुरी तुटून चाक घसरले तर चूक किती होईल याला मर्यादाच नाही.

आता या डिझेल इंजिनात एक गंमत आहे. तेल फवारण्याचा पंप चालतो तो आतल्या दातेचक्रांवर. चाक घसरले म्हणून फवारणीची वेळ आपोआप बिघडत नाही. आरंभी नुसते ठक्-ठक् वाजते, गती हेलकावे खाते, गव्हर्नर गोंधळून तेल कमी-जास्त करतो आणि एखादा ठोका गळतो. इथपर्यंत रोग साधा असतो. पण एखादा उतावळा मिस्त्री येतो, चाकावरची खूण पाहतो, आणि म्हणतो, "पंपाची वेळ चुकलीय." तो खोट्या खुणेवर पंपाची वेळ जुळवतो. आधी जे बरोबर होते ते आता खरोखर चुकते! मग इंजिन धूर सोडते, ठोके गाळते, आणि पुढचा मिस्त्री नोझल बदलतो, त्याच्या पुढचा पंप बदलतो. एका खोट्या साक्षीवर सगळा निवाडा उभा राहतो.

जाणता मिस्त्री मात्र आधी साक्षीदाराची उलटतपासणी करतो. त्याच्या रीती पाहण्यासारख्या आहेत, कारण त्यांना खर्च जवळजवळ नाही. इंजिन बंद करून तो चावीच्या भोवती पाहतो. तिथे तांबूस भुकटी दिसली तर लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे. मग तो दंडाच्या तोंडावरून चाकाच्या तुंब्यावर खडूने एक सरळ रेघ ओढतो आणि इंजिन तासभर चालवतो. ते थांबल्यावर रेघ जोडलेली असेल तर चाक जागच्या जागी आहे. तुटलेली असेल तर चाक सरकते आहे. खडूच्या एका रेघेने शेकडो रुपयांचा प्रश्न सुटतो.

तिसरी परीक्षा खुणेची. नोझल किंवा हेड काढून तो दट्ट्या स्वतः पाहतो. दट्ट्या अगदी वर आहे हा क्षण नेमका पकडणे अवघड, कारण त्या टोकाला तो फार सावकाश सरकतो. म्हणून युक्ती अशी: दट्ट्या वर येताना ठरावीक खोलीवर असेल तेव्हा चाकावर एक खूण करायची, आणि खाली जाताना पुन्हा तेवढ्याच खोलीवर दुसरी. या दोन खुणांच्या बरोबर मधोमध खरे टोक. कारखान्याची खूण तिथे पडली तर चाक खरे बोलते आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत ओळखीची वाटावी. बखरीत लिहिले आहे म्हणून आपण तारीख मान्य करीत नाही, मूळ कागद पाहतो. मिस्त्रीचा मूळ कागद म्हणजे दट्ट्या.

दोष सापडला की दुरुस्ती. चावी ओढून काढायची, चाक उतरवायचे आणि खाच तपासायची. नवी चावी बाजारातून आणून तशीच ठोकून चालत नाही. तिला काजळी लावून खाचेत सरकवायचे, काजळी जिथे पुसली जाईल तिथे कानशीने घासायचे, आणि सर्वांगाने बसेतोवर हे करीत राहायचे. खाच फार रुंदावली असेल तर लेथवाल्याकडून ती नीट कापून घ्यायची आणि तिच्या मापाची चावी घडवायची. जुन्या चावीखाली पत्र्याचा तुकडा घालून काम भागवणारे पुष्कळ आहेत. ते भागते ते महिना-पंधरा दिवस.

याच वेळी एक परीक्षा विसरू नये. चाक दोरावर किंवा साखळीवर टांगून हातोडीने हलकेच वाजवावे. बाजारात आपण मडके वाजवून घेतो, तसेच. आवाज घणघणीत आला तर चाक निरोगी. बद्द आला तर तडा असण्याचा संभव. संशय आला तर रॉकेल चोळून, पुसून, वर खडूची पूड फासावी. तड्यात मुरलेले रॉकेल पांढऱ्यावर ओली रेघ उमटवते. असे तडा गेलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा चढवू नये. ओतीव लोखंडाच्या चाकाच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे ६,००० फुटांच्या आत असावा असा यंत्रशाळांचा जुना दंडक आहे. आपले दोन फुटी चाक ६५० फेऱ्यांना मिनिटाला चार हजार फुटांवर धावते. म्हणजे निरोगी चाकालाही फार मोकळीक नाही, मग तडा गेलेल्याला कुठून? चाक फुटले तर त्याचे तुकडे तोफगोळ्यासारखे जातात. वाफेच्या गिरण्यांच्या काळी युरोप-अमेरिकेत अशा फुटीने माणसे मेली आहेत. इथे चार पैसे वाचवायला जाऊ नये.

पुढे विहिरींवर वीज आली. गावोगाव खांब उभे राहिले आणि इंजिनाची जागा विजेच्या पंपाने घेतली. डिझेल इंजिन वीज नसेल तेव्हाचा सोबती झाले. पण त्याच सुमारास इंजिन विहिरीवरून रस्त्यावर आले. १९७२ मध्ये कायनेटिक कंपनीची लूना बाजारात आली, त्याच वर्षी बजाजची चेतक आली. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर पेट्रोलच्या इंजिनावर फिरू लागले. आणि या लहान इंजिनांत चाकाला तिसरे काम लागलेले होते.

या कामाचा आरंभ बराच जुना. १९०८ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' मोटार काढली, तेव्हा तिच्या फ्लायव्हीललाच सोळा लोहचुंबक जोडले. चाक फिरे, चुंबक तारेच्या वेटोळ्यांसमोरून जात आणि ठिणगीची वीज तयार होई. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या व्हिलिअर्स कंपनीने लहान इंजिनांसाठी चाक आणि चुंबक एकाच तबकडीत आणले. हीच तबकडी पुढे आपल्या मोपेड-स्कूटरमध्ये आली. आपले मिस्त्री तिला नुसते 'मॅग्नेट' म्हणतात. आता चाक केवळ साक्षीदार राहिले नाही. ठिणगीची वीज तेच तयार करते, आणि ठिणगी केव्हा पडायची हेही तेच ठरवते. डिझेल इंजिनात चाक सरकले तर खूण खोटी पडे. इथे चाक सरकले तर ठिणगीच भलत्या वेळी पडते.

हे चाक दंडाच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसते आणि त्याची दिशा नेमकी राहावी म्हणून अर्धचंद्राच्या आकाराची एक चिमुकली चावी असते. पुष्कळांना वाटते की चाक त्या चावीवर टिकते. तसे नाही. त्याला धरून ठेवते ते निमुळत्या पृष्ठभागांचे आवळणे. चावी फक्त जागा दाखवते. नट सैल राहिला की चावीवर नको तो भार येतो, ती कापली जाते आणि चाक किंचित घसरते. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या दंडावर एक मिलिमीटर घसरण म्हणजे सहा-सात अंशांची चूक. एवढ्याने किक उलटी बसते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, चढावर ओढ राहत नाही. आणि प्लग काढून पाहावा तर ठिणगी लख्ख! इथेच फसगत होते. "ठिणगी आहे ना? मग दोष पेट्रोलचा," असे म्हणून कार्बुरेटर तीनदा धुतला जातो. विचारायचे असते ते निराळेच. ठिणगी आहे, पण ती वेळेवर आहे का?

तपास तोच. प्लगच्या भोकातून दट्ट्याचे टोक शोधायचे आणि चाकावरच्या खुणेशी ताडून पाहायचे. खूण चुकली तर पुलर लावून चाक काढायचे. हातोडीने ठोकून काढू नये. आतले चुंबक तडकतात, दुबळे होतात, आणि दंडही वाकतो. निमुळत्या टोकावर ओरखडे असतील तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घोळवून एकजीव करायचे, स्वच्छ धुऊन कोरडे करायचे, नवी चावी बसवायची आणि नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळायचा. चावीची किंमत चहाच्या एका कपाएवढी असेल. ती सापडेपर्यंतचा खर्च मात्र ज्याने केला त्यालाच ठाऊक.

आणि आता चौथे काम. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-सहा ही धुराची मर्यादा लागू झाली, आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्बुरेटर जाऊन संगणकाने मोजून पेट्रोल सोडण्याची रीत आली. हा संगणक आंधळा असतो. त्याचे डोळे म्हणजे चाकाच्या कडेचे दाते किंवा उंचवटे, आणि त्यांच्या समोर बसवलेला एक सेन्सर. पुष्कळ मोटारींत ५८ दाते आणि दोन दात्यांची रिकामी जागा अशी रचना असते. दर दात्याला सहा अंश. रिकामी जागा आली की संगणक समजतो, फेरा पुरा झाला. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना एक दाता समोरून जायला सेकंदाचा तीनहजारावा भाग लागतो. त्यातला एक दाता वाकला, तुटला किंवा त्याला लोखंडी कीस चिकटला, तर संगणकाचे मोजणे चुकते. तो क्षणभर ठिणगी व पेट्रोल तोडतो, आणि ठोका गळतो.

याहून मजेची गोष्ट अशी, की ठोका गळला हे ओळखण्याचे कामही पुष्कळ गाड्यांत हा संगणक याच चाकाच्या चालीवरून करतो. जाळ झाला की चाक किंचित पुढे झेपावते. न झाला की किंचित मंदावते. जुना मिस्त्री जे कानाने ऐकत होता तेच हा दात्यांवरून वाचतो. पण वाचायचे पुस्तकच फाटलेले असेल तर? जाळ बरोबर होत असूनही तो 'मिसिंग' म्हणून नोंद करतो. गॅरेजमधला मुलगा यंत्र लावून ती नोंद वाचतो, प्लग बदलतो, कॉइल बदलते, सेन्सरही बदलतो. दोष चाकावर जसाच्या तसा. उपाय जुनाच आहे: चाक हाताने सावकाश फिरवावे, प्रत्येक दाता नजरेखालून घालावा, सेन्सर आणि दाते यांतले अंतर फिलर गेजने मोजून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडावे. दाता मोडला असेल तर तो चक्राकार भाग बदलावा. वितळवून भर घातलेला दाता इतरांसारखा होत नाही.

वाचकहो, जात्याच्या तळीपासून आपण संगणकाच्या दात्यापर्यंत आलो. चाकाने आधी बळ सांभाळले, मग खुणा सांभाळल्या, मग ठिणगीची वेळ ठरवली आणि आता साऱ्या इंजिनाचे घड्याळ ते झाले आहे. घरातल्या ज्या माणसावर सगळे विसंबून असतात त्याच्या दुखण्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते. चाकाचे तसेच आहे. ते इतके जड, इतके साधे, इतके भरवशाचे दिसते, की त्याच्यावर संशय घ्यायचे कोणाच्या मनात येत नाही.

म्हणून दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. एक व्यवहाराची. इंजिन ठोके गाळू लागले आणि दोन वस्तू बदलूनही फरक पडला नाही, तर तिसरी विकत घेण्यापूर्वी मिस्त्रीला अदबीने विचारावे, "उस्ताद, एकदा चाक पाहिलं का?" जाणता असेल त्याला राग येणार नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. खडूची रेघ, काजळीची परीक्षा, टांगून वाजवलेले चाक, दोन खुणांमधले खरे टोक: ही विद्या आपल्याकडे बव्हंशी हातातून हातात गेली. गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, स्टँडजवळच्या टपरीत ती जाणणारा एखादा वृद्ध मिस्त्री अजून भेटेल. त्याच्याबरोबर ती जाईल. सरदारांच्या सनदा आपण जपून ठेवल्या, ते योग्यच केले. या मिस्त्र्यांजवळ बसून, ते सांगतील ते वहीत उतरवून ठेवण्याचे कामही आपल्यापैकी कोणी तरुणाने अंगावर घ्यावे. आपल्या जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास त्या वहीवाचून अपुराच राहणार आहे.